काडीमोडीचा कागद

वर्ग: आश्रित. उपवर्ग: बहीण. नाव: बयाबाई. मुक्काम: पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी, जिथे एसटी दिवसातून दोनदा येते आणि त्यातली एक येतेच असं नाही. वय: आधार कार्डावर एकोणसाठ, स्वतःच्या हिशेबाने कोयनेच्या भूकंपात ती रांगत होती, म्हणजे दोनेक वर्षं कमी. शिक्षण: सही येते. व्यवसाय: निरंक. उत्पन्न: निरंक. स्थावर: निरंक. व्यंग: नाही. वैवाहिक स्थिती: —

या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, यावर मार्च महिन्यातला एक शनिवार जवळजवळ सबंध गेला.

महाडला एका कारखान्याचा कामगार कल्याण निधी आहे. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, निधी चालू आहे. आपल्याकडे गोष्टी याच क्रमाने बंद होतात. या निधीतून निवृत्त कामगारांना पेन्शन मिळते. कामगारावर अवलंबून असलेलं माणूस नोंदवलं, की पेन्शनीत थोडी भर पडते. तिला ‘आश्रित वाढ’ म्हणतात. भर एवढीशीच, पण नियमावलीत पुढे एक कलम आहे आणि खरा जीव त्या कलमात आहे: पेन्शनधारक वारला तर नोंदवलेल्या आश्रिताला अर्धी पेन्शन हयातभर मिळत राहते. फेब्रुवारीत विश्वस्तांनी एकमताने ठराव केला की आश्रित वाढ रद्द. एकतीस मार्चपर्यंत ज्यांची नावं चढतील त्यांचं सगळं पूर्ववत चालेल. त्यानंतर कोणाचंही नाव चढणार नाही.

बयाबाईचा थोरला भाऊ येसाजी या कारखान्यात सव्वीस वर्षं बॉयलरवर होता. आता एकाहत्तर. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. छातीचं दुखणं जुनं. त्या हिवाळ्यात दोनदा नळी लावून दवाखान्यात पडला होता. त्याच्यामागे बयाबाईचं काय, हा प्रश्न वाडीत सगळ्यांना पडलेला होता. उत्तर कोणाकडे नव्हतं, हळहळ मात्र घरटी होती.

सूचना नऊ मार्चला टपालाने आली आणि तीन आठवडे वाशाला खोचून राहिली. त्याची कारणं दोन. पहिलं शिमगा. पालखी गावात असताना पोलादपूरच्या डोंगरात कोणी अर्ज भरत नाही. त्या दिवसांत माणूस मरणसुद्धा शक्यतो पुढे ढकलतो. दुसरं कारण येसाजी स्वतः.

“सख्ख्या बहिनीला आश्रित लिवू? घर तिचा नाय काय?”

“लिव. घर मला पेन्शन देनार हाय?”

“गो, मी काय आज चाललोय?”

“आज नाय. पन एकतीसच्या आत जाऊ नको, म्हंजे झाला.”

येसाजी हसला, मग खोकला, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. तो थांबल्यावर त्याने अर्जावर सही केली. हा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बयाबाई एकटीच निघाली, कारण येसाजीला घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंतची चढण आता झेपत नव्हती. पिशवीत अर्ज, दोघांची आधार कार्डं, रेशनकार्ड. तिची समजूत अशी, की आज विचारून यावं, काही कमी असलं तर उद्या एकतीस आहेच.

निधीची कचेरी महाडच्या एसटी स्टँडपासून दहा मिनिटांवर, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. तिथे अनुपमा नावाची कारकून एकटी बसते. तिच्यावर दोन वरिष्ठ आहेत. ते तिच्यावर असल्यामुळे कचेरीत नसतात.

“उद्या रविवार,” अनुपमा म्हणाली. “आज शेवटचा दिवस, मावशी. चार वाजता रजिस्टर बंद करून पाठवायचंय.”

“एकतीस लिवलाय त्याच्यात.”

“खाली लिहिलंय बघा. मुदतीचा दिवस सुट्टीचा आला तर आधीचा कामाचा दिवस धरावा.”

“खाली कोन बघतो? आमी वरचा वाचला.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. अनुपमाने अर्ज पुढे ओढला आणि ती भराभर खुणा करत खाली आली. शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं.

“वैवाहिक स्थिती रिकामी आहे. बहीण असेल तर अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, तिन्हींपैकी एक पाहिजे. लग्न झालंय?”

“झाला होता.”

“यजमान?”

“हायत. पाचाडला भजी तळतात.”

“मग वेगळे राहता?”

“तेहतीस वर्सं.”

“कोर्टातून घटस्फोट?”

“कोर्ट कुठला! काडी मोडली. देवळात, दोनी गावांच्या पंचांसमोर. त्यानं मोडली, मी डोरला काढून ठेवला, झाला.”

अनुपमा पुण्यात शिकलेली होती, पण मूळची महाडची. काडीमोड म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. पंचांसमोर नवऱ्याने गवताची काडी दोन तुकडे करून टाकली की लग्न संपलं. तिने नियमावली काढली, दोनदा पानं उलटली आणि बोट ठेवून वाचलं: “रूढीनुसार झालेली फारकत ग्राह्य, मात्र त्या वेळच्या लेखी पुराव्यासह. मूळ प्रत दाखवणे आवश्यक. कागद झाला होता?”

कागद झाला होता. पंचांनी स्टँपवर लिहिला होता, अंगठे उठवले होते, आणि रीतीप्रमाणे तो बाईच्या बापाच्या हाती दिला होता. बापाने तो घेतला नाही. सोडचिठ्ठीचा कागद उंबऱ्याच्या आत आणला तर धाकट्या मुलींची लग्नं अडतात, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने कागद देवळाच्या पायरीवर ठेवला, उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि मुलीला घेऊन घरी आला. एवढी काळजी त्याने घेतली. धाकट्या मुलींची लग्नं पुढे वेळेवर झाली, त्यामुळे तो चुकला असं त्याला कधी कोणी म्हणू शकलं नाही.

“मग तो गेला कुठे?”

“सासरच्या गावच्या कोनी उचलला असंल. नायतर वाऱ्यानं.”

“चारपर्यंत आणा,” अनुपमा म्हणाली. आपण काय म्हणालो हे तिच्याही लक्षात आलं, म्हणून तिने पुढे जोडलं, “मी जेवायला उठत नाही आज.”

खाली जिन्याच्या पायथ्याशी रितेश नावाचा इसम टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देत असे. माडीवरचं बोलणं त्याला ऐकू येई आणि त्याचा धंदा त्यावरच चाले.

“मावशी, विधवा टाका ना. दाखला मी बघतो.”

“तो जिता हाय.”

“पाचाडला जिता हाय. हितं कोन बघायला येतोय?”

बयाबाई पायरीवर टेकली. तिने हा विचार केला, हे नोंदवलं पाहिजे. चार-पाच मिनिटं केला. येसाजीची छाती डोळ्यांसमोर होती आणि पलीकडे रस्त्यावर पोलादपूरची गाडी उभी होती. मग ती उठली.

“नको. उद्या खरंच मेला, तर त्याची बायको म्हनंल मी खाल्ला.”

रितेशने खांदे उडवले. तत्त्वाने नकार देणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. या कारणाने देणारं हे पहिलंच.

पाचाड रायगडाच्या पायथ्याला. महाडहून नाते मार्गे पंचवीस किलोमीटर. शनिवारी गडावर जाणाऱ्यांची झुंबड असते आणि रस्ता दोन गाड्यांना पुरतो, तिसरीला नाही. मिनिडोर रिक्षा भरून सुटायला साडेअकरा झाले. नाते गावापुढे एक ट्रॅव्हल्सची बस वळणावर अडकली होती. तिच्यातले विद्यार्थी खाली उतरून घोषणा देत होते. बस त्याने हलली नाही. बयाबाई दर पाच मिनिटांनी शेजारच्या माणसाला वेळ विचारत होती. शेवटी त्याने मोबाइल तिच्या हातातच दिला.

एक वाजायला दहा कमी असताना ती रामजीच्या खाणावळीसमोर उभी राहिली. पत्र्याची शेड, सहा टेबलं, सगळी भरलेली. रामजी कढईपुढे. डोक्यावर केस नव्हते, बाकी ओळखू येत होता. तेहतीस वर्षांत लग्नामयतात त्यांची आठ-दहादा नजरानजर झाली होती, बोलणं कधी नाही. आता त्याला काय म्हणून हाक मारायची हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने हाक मारलीच नाही. पुढे जाऊन म्हणाली,

“काडीमोडीचा कागद पायजे.”

रामजीने आधी गॅस बारीक केला. “कसला कागद? तवा कोन लिवत व्हता?”

“पाच पंचांनी लिवला. तुमच्याच अंगठ्यानं संपला.”

“तेहतीस वर्सांनी आठवला? पोटगीचा वकील गाठलास काय?”

“वकील गाठला असता तर मिनिडोरनं आले असते? निधीत दाखवायचाय. चार वाजेस्तवर. दादाच्या मागं मला अर्धी पेन्शन हाय, पन काडी मोडल्याचा पुरावा पायजे.”

“माझ्याकडं नाय. आईच्यान नाय.”

हे खरं होतं. त्याच्याकडे नव्हता. गिऱ्हाइकांपैकी कोणी तरी “काका, भजी!” म्हणून ओरडलं आणि भजी कढईत काळी पडली.

तेवढ्यात आतून चंपाबाई दोन हातांत चार ताटं घेऊन आली. रामजीची ही दुसरी बायको. काडीमोडीनंतर दोन महिन्यांनी लग्न होऊन आलेली, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून. तिने ताटं ठेवली, बयाबाईकडे वर-खाली पाहिलं.

“आली ती! काय मागते?”

“कागद,” रामजी म्हणाला. “मी सांगितला, नाय म्हनून.”

“तुझ्याकडं नायच. माझ्याकडं हाय.”

रामजीचा झारा हातातच राहिला.

“देवळाच्या पायरीवरनं माझ्या बापानं उचलला,” चंपाबाई बयाबाईला म्हणाली, नवऱ्याला नव्हे. “माझी सोयरीक ठरत व्हती. बाप म्हनला, आज हिला सोडली, उद्या बोलंल तीच खरी बायको, मग आपली पोर कोन? कागद ट्रंकेत ठेव. ठेवला. ह्याला सांगितला नाय. सांगून काय करायचा होता?”

“तेहतीस वर्सं?” रामजी म्हणाला. “माझ्या घरात?”

“माझ्या ट्रंकेत.”

ती आत गेली. बयाबाई कढईशेजारी उभी राहिली. एक वाजून गेला होता. आत ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आला नाही. चंपाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात घडीवर पिवळा पडलेला कागद होता. बयाबाईने हात पुढे केला. चंपाबाईने पिशवी छातीशी धरली.

“देनार नाय तुझ्या हातात. हा गेला तर माझ्याकडं काय ऱ्हायलं? राग मानू नको.”

“मानते. पन तुला यावा लागंल मग.”

“देऊ नको गो,” रामजी मध्ये पडला. “एकदा कचेरीत गेला की आपल्यावर काय काय निघंल.”

“तुझ्यावर निघंल. माझ्यावर काय निघतंय?” चंपाबाईने पदर खोचला. “चल गो.”

“आनि गिऱ्हाईक? तीस मानसं बसलीत!”

“तू हायस ना.”

महाडकडे जाणारी मिनिडोर भरायला तीन तरी माणसं कमी होती आणि ती माणसं गडावर फोटो काढत होती. पावणेदोनला थंड पेयांचे रिकामे क्रेट नेणारा टेम्पो निघाला. ड्रायव्हर चंपाबाईच्या रोजच्या ओळखीचा. पुढे जागा एकीलाच होती. चंपाबाई म्हणाली, “एक बसली तर दुसरी काय करनार? दोघी मागं.” त्या क्रेटवर बसल्या. रस्ताभर बाटल्या खणखणत होत्या, त्यामुळे बोलायचं ते ओरडून बोलावं लागत होतं.

“मी तुला घालवली नव्हती,” चंपाबाई ओरडली. “मी आले तवा तू गेलीस व्हतीस.”

“ठाव हाय.”

“मानसं बोलतात.”

“मानसांना कागद नाय लागत.”

चंपाबाईने पिशवी पदराखाली सरकवली. नाते गाव यायच्या आधीच ट्रॅव्हल्सची आणखी एक बस आडवी आली. टेम्पो अर्धा तास तिच्यामागे सरपटत राहिला. महाडात शिरताना स्टँडच्या घड्याळात तीन दहा झाले होते, पण ते घड्याळ बंद आहे हे महाडात सगळ्यांना माहीत असतं. बयाबाई पोलादपूरची होती. ती पळाली.

माडीवर अनुपमा बसून होती. भिंतीवर तीन अठरा. समोर रजिस्टर, बाजूला ते न्यायला आलेला माणूस, खुर्चीत पाय पसरून. चंपाबाईने कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या एका कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. अनुपमाने तो तसाच, बोटासकट वाचला.

“पंच पाच, अंगठे नवऱ्याचा धरून सहा, तारीख आहे, स्टँप आहे.” तिचा आवाज सैल झाला आणि पुन्हा आवळला. “पण हे सौभाग्यवती सुभद्रा रामजी म्हणून लिहिलंय. सुभद्रा कोण?”

“मीच,” बयाबाई म्हणाली. सुभद्रा तीच होती. लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीने नाव काढलं, ते सुभद्रा. पाच वर्षं ती सुभद्रा होती. काडी मोडली त्या दिवशी ती पुन्हा बयाबाई झाली. हे नाव परत घेताना मात्र कोणी पंच बसवले नव्हते. आधार बयाबाईचं, रेशनकार्ड बयाबाईचं, आणि लग्न मोडलं होतं सुभद्राचं.

“दोन्ही एकच, हे कोणी तरी लिहून द्यायला हवं. तेव्हापासून ओळखणारा साक्षीदार. पंचांपैकी कोणी?”

“पाची गेले.”

“भाऊ?”

“दादाच अर्ज करनारा.”

“मग नाही चालणार.” अनुपमाने घड्याळाकडे पाहिलं. तीन एकोणतीस. पाय पसरलेल्या माणसाने पाय जवळ घेतले. वाडीतून कोणाला आणायचं म्हटलं तर एसटीच साडेपाचला होती.

मग अनुपमाने त्या बोटाकडे पाहिलं आणि बोटावरून वर. “तुम्ही कोण?”

चंपाबाईने बोट उचललं नाही. तेहतीस वर्षांत हा प्रश्न तिला कचेरीत कोणी विचारला नव्हता. तो विचारला जाऊ नये म्हणूनच कागद ट्रंकेत होता.

“हिच्या मागनं आले ती.”

“म्हणजे यांना तेव्हापासून ओळखता?”

“लग्नाआधी बघितली व्हती एकदा, बाजारात. नंतर लई.”

“ह्याच सुभद्रा, हे लिहून द्याल? तुमचं नाव, आधार, सही. मागाहून चौकशी झाली तर तुम्हाला बोलावतील.”

बयाबाईने चंपाबाईकडे पाहिलं नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. तीन चौतीस.

“हीच ती,” चंपाबाई म्हणाली. “सासू मला दोन वर्सं सुभद्रा म्हनून हाक मारायची. आंधळी नव्हती. स्वैपाक आवडला नाय की मारायची.”

अनुपमाने यातला पहिला शब्दसमूह तेवढा लिहून घेतला. ‘साक्षीदाराचे आश्रिताशी नाते’ या रकान्यापाशी पेन अडलं. छापील पर्याय होते: शेजारी, सहकारी, नातेवाईक, परिचित. तिघीचौघींना विचारून ठरवण्याइतका वेळ नव्हता. तिने ‘परिचित’वर खूण केली. चंपाबाईने सही केली, लांबलचक, नवऱ्याच्या नावासकट.

शेजारच्या दुकानात कागदाची झेरॉक्स काढताना चंपाबाईने यंत्राचं झाकण स्वतः उघडलं आणि मूळ प्रत गरम असतानाच घडी घालून पिशवीत घातली, पिशवी पिशवीत. वर येईपर्यंत तीन एकावन्न. अनुपमाने रिकामा रकाना भरला: घटस्फोटित, रूढीनुसार. रजिस्टरात ओळ चढवली, शिक्का मारला, तो फिका उठला म्हणून दुसरा मारला. चार वाजून दोन मिनिटांनी तो माणूस रजिस्टर घेऊन जिना उतरला. त्या ओळीनंतर निधीच्या रजिस्टरात आश्रित म्हणून कोणाचंही नाव नाही.

स्टँडवर दोघी वेगवेगळ्या फलाटांना लागल्या. चंपाबाई म्हणाली, “मेला भाऊ तर कळव.” बयाबाई म्हणाली, “तुझा मेला तर तूही.” यापलीकडे त्यांच्यात निरोपाचं काही झालं नाही.

पोचपावतीच्या तळाशी शेरा आहे: ‘सदर आश्रित उत्पन्नहीन असून तिचा संपूर्ण उदरनिर्वाह पेन्शनधारकावर अवलंबून असल्याची या कार्यालयाची खात्री झाली आहे.’

बयाबाई सव्वासातला घरी पोचली. येसाजीने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. त्याला चूल पेटवता येत नाही.